यादी हातात आली की आधी ग्रंथालय गाठा

ग्रंथपालांना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि निवृत्त ग्रंथपालाची उत्तरं

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे पुस्तकांच्या खर्चाचीच पत्रं जास्त येतात. मी आधी एका वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे पुण्यात कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल होते. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरची ही काळजी मला चांगली ठाऊक आहे. म्हणून हा सगळा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला लागली. मी एसटीत वाहक आहे. सीनिअर मुलांनी व्हॉट्सॲपवर पुस्तकांची यादी पाठवली. ती घेऊन दुकानात गेलो तर पहिल्या वर्षाचाच हिशेब पंधरा हजारांच्या पुढे गेला. ॲनाटॉमीला तर दोन-दोन लेखक सांगितलेत. मुलगी म्हणते, सगळ्यांनी घेतलीत. कर्ज काढून घ्यावीत का?
— एक पालक, सांगोला

उत्तर : दादा, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. आणि पुस्तकांसाठी कर्ज मुळीच काढू नका. ती यादी खरेदीची यादी नाही. त्यात वाचायची, चाळायची, संदर्भाला बघायची अशी सगळीच पुस्तकं एका रांगेत लिहिलेली असतात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत क्रमिक पुस्तकं आणि संदर्भग्रंथ वेगळे छापलेले असतात. सीनिअरच्या व्हॉट्सॲपवर तो फरक पुसला जातो, आणि दुकानदार काही तो पुन्हा करून देत नाही.

मुलीला पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढायला सांगा. बरीच मुलं ते दिवाळीनंतर काढतात, तोवर पुस्तकं इतरांच्या खोल्यांत गेलेली असतात. कार्ड काढताना तिथे तीन गोष्टी विचारायच्या. एका वेळी किती पुस्तकं घरी मिळतात? पुस्तकपेढी आहे का, म्हणजे अनामत ठेवून वर्षभरासाठी संच मिळतो का? आणि संदर्भ विभागातलं पुस्तक रात्रीपुरतं देतात का? शेवटची सोय पुष्कळ ग्रंथालयांत असते. संध्याकाळी घ्यायचं आणि सकाळी तास सुरू व्हायच्या आत परत करायचं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला तर ती फारच उपयोगाची. जाडजूड संदर्भग्रंथ याच वाटेनं वाचायचे असतात. ते विकत घेऊन कपाटात ठेवलेले मी खूप पाहिले आहेत.

आता ॲनाटॉमीच्या दोन लेखकांबद्दल. सुरुवात बहुतेक ठिकाणी हातापासून, म्हणजे अप्पर लिंबपासून होते. तिने ग्रंथालयात बसून एकच प्रकरण दोन्ही लेखकांचं वाचावं, शेजारी वही ठेवून आकृत्या काढून बघाव्यात. ज्याची आकृती बघून तिला स्वतःला काढता येते, तो लेखक घ्यावा. एका विषयाला एकच. हे तिचं तिलाच ठरवता येईल, सीनिअरला किंवा मला नाही. त्यासाठीच महिनाभर थांबायचं.

घ्यायचं ठरलं की जुनं घ्या. दुसऱ्या वर्षात गेलेली मुलं पहिल्या वर्षाचा संच काढून टाकायला उत्सुकच असतात. बरोबर हाडांचा संचही विचारा, तोही बहुतेक ठिकाणी असाच एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो. माणसाच्या शरीराची रचना आवृत्तीगणिक बदलत नाही, त्यामुळे ॲनाटॉमीत एक-दोन आवृत्त्या मागचं पुस्तक बिनधास्त चालतं. मात्र एक बघा. 2019 पासून एमबीबीएसला क्षमतांवर आधारलेला नवा अभ्यासक्रम आला आणि त्यानंतरच्या पुस्तकांत प्रकरणागणिक ‘एएन 1.1’ असे क्रमांक छापलेले असतात. शिक्षक त्याच क्रमांकांनी बोलतात. म्हणून 2019 नंतरची आवृत्ती मिळाली तर बरं. त्याआधीची अगदीच स्वस्त मिळाली, तर क्रमांक पेन्सिलीने लिहून घेता येतात.

पुढच्या वर्षांत हाच नियम सरसकट लावू नका. औषधशास्त्रात औषधं बदलतात, आणि पीएसएममध्ये, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाची वेळापत्रकं सारखी सुधारली जातात. या दोन विषयांना ताजी आवृत्ती घ्या. पहिल्या वर्षी वाचवलेले पैसे तिथे कामी येतील.

डिसेक्शनची, म्हणजे शवविच्छेदनाची पुस्तिका तेवढी तिची स्वतःची असू द्या. ती टेबलाशी उघडी राहते, पानांना फॉर्मॅलिनचा वास लागतो, डाग पडतात. ग्रंथालयाची प्रत तिथे नेऊ नये.

तुमचं कुटुंब अनुसूचित जातीच्या प्रवर्गात येत असेल तर समाजकल्याण विभागाची पुस्तकपेढी योजना आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, पशुवैद्यकीय, विधी अशा अभ्यासक्रमांसाठी त्यातून महाविद्यालयामार्फत पुस्तकं मिळतात. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर चौकशी करा आणि ती लेखी करा. योजना कागदावर असूनही कुणी मागितली नाही म्हणून पुस्तकं आलीच नाहीत, असं होता कामा नये. आपल्या मुलांच्या हक्काची ती पुस्तकं आहेत.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ येतात, आणि कॉलेजबाहेरचा झेरॉक्सवाला अख्खं पुस्तक स्पायरल करून देतो. मित्र म्हणतात विकत घेणारे वेडे. घरून मला महिन्याला ठरावीक पैसे येतात. यात खरंच काही चूक आहे का?
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्रश्न सरळ विचारलास, तर उत्तरही सरळ देते. अख्खं पुस्तक झेरॉक्स करणं आणि ग्रुपवर फिरणारी चोरीची पीडीएफ, दोन्ही चूक आहेत. पण शिकण्यासाठी पानं झेरॉक्स करणं म्हणजे गुन्हा, असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका छोट्या झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून ते दुकान विद्यार्थ्यांना संच देत होतं. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 दाखवून सांगितलं की शिकवण्याच्या कामासाठी केलेल्या अशा प्रती कायद्याला मान्य आहेत. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. दुकानाच्या बाजूने खटल्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ही लढाई लढली नसती, तर आज तुझ्या सरांना एका प्रकरणाची झेरॉक्स वाटतानाही दोनदा विचार करावा लागला असता. तेव्हा सरांनी नेमून दिलेलं प्रकरण जरूर झेरॉक्स कर. बाजारात मिळणारं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर लिहिणारे आपल्याकडचे प्राध्यापक आणि त्यांचे इथले प्रकाशक थोड्या प्रतींवर उभे असतात. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं.

आणि तुला चोरी करायची गरजही नाही, कारण तू पुण्यात आहेस. अप्पा बळवंत चौकात जा. शक्यतो सकाळी, दुकानं नुकतीच उघडलेली असताना. संध्याकाळच्या गर्दीत पुस्तक नीट बघू देत नाहीत. (मुंबईच्या वाचकांनी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर जावं.) अ. ब. चौकात मागताना नुसतं विषयाचं नाव सांगू नकोस, पॅटर्न सांग, म्हणजे विद्यापीठाचा कोणत्या वर्षाचा अभ्यासक्रम ते. 2019 पॅटर्न आणि 2024 पॅटर्न यांत विषय इकडचे तिकडे झाले आहेत. विद्यापीठाच्या पेपरप्रमाणे बेतलेली पुस्तकं पॅटर्न बदलला की अर्धी निरुपयोगी होतात, आणि नेमकी तीच ढिगाने स्वस्तात विकायला असतात. मोठ्या लेखकांची मूळ पुस्तकं मात्र पॅटर्नला बांधलेली नसतात. गणित, बलविज्ञान, विद्युतशास्त्र यांची दहा वर्षांपूर्वीची आवृत्तीही तुला पुरेल.

पुस्तक हातात आलं की शीर्षकपान उलट. त्याच्या मागे बारीक अक्षरात आवृत्तीचं वर्ष आणि खाली पुनर्मुद्रणाची वर्षं असतात. दुकानदार ‘यंदाचं आहे’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ते यंदाचं पुनर्मुद्रण असतं. आतला मजकूर जुन्या आवृत्तीचाच, आणि तोच मजकूर पलीकडच्या ढिगात निम्म्या दरात पडलेला असतो. मग अंगठ्याने खालच्या कोपऱ्यातले पानांचे क्रमांक सरसर बघत जा. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी बांधलेलं असतं, बहुधा सोळा-सोळा पानांच्या. बांधणीत चूक झाली तर एक पान जात नाही, सगळा फर्मा जातो किंवा दोनदा येतो. आकृत्यांच्या रेघा फुगलेल्या, राखाडी दिसल्या, कागदातून पलीकडची अक्षरं दिसली आणि पुठ्ठा उघडताच डिंक कडकडला, तर ती बनावट प्रत आहे. कितीही स्वस्त असली तरी ठेवून दे. ती सत्र संपेपर्यंत टिकतही नाही.

आणखी एक बघायचं. कुठल्याही ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का नसेल, तर ते पुस्तक घेऊ नकोस. आम्ही ग्रंथपाल पहिल्या पानाशिवाय आत एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतो. पहिलं पान फाडलेलं पुस्तक दिसलं की मी आजही आतलं पान उघडून बघते. ते कुणा तुझ्यासारख्याच्या वाट्याचं पुस्तक असतं.

विकत घेतानाच परत किती रुपयांना घेणार ते विचार आणि पावतीवर लिहून घे. लिहून देणारी दुकानं आहेत. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हेही ध्यानात असू दे.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथे पैसे न देता बघता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स प्रकल्प 2012 पासून भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र यांची पूर्ण पुस्तकं मोफत देतो, आणि ती पीडीएफ ग्रुपवर पाठवायलाही परवानगी आहे. ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर हे पाठव.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी एलएलबी केलं. त्याची सगळी पुस्तकं घरात आहेत. मी यंदा प्रवेश घेतला. तीच वापरली तर चालतील का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काही चालतील, काही चालवायचीच नाहीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं आणि 420 चं 318 मध्ये गेलं. या तीन विषयांना नवीनच पुस्तक घे. भावाची जुनी रद्दीत मात्र घालू नकोस. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंडविधान लागतो आणि असे खटले न्यायालयांत पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत. 1872 चा करार कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांची पुस्तकं खुशाल वापर. कायद्यांचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, दुरुस्त्यांसह. तो उघडून भावाच्या पुस्तकात समासात दुरुस्त्या लिहीत गेलास, तर तो अभ्यासच होईल.

प्रश्न : मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. पुस्तकं मराठीतच हवीत. गावात दुकान नाही. नांदेडला जायचं तर भाड्यातच पैसे जातात, आणि तिथेही गाईडच मिळतात. आमच्या ग्रंथालयात जुनी धुळीची पुस्तकं आहेत.
— विद्यार्थिनी, जि. नांदेड

उत्तर : बाळ, त्या धुळीच्या पुस्तकांपासूनच सुरुवात कर. सत्तरच्या दशकात नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, विज्ञान यांची मराठीत विद्यापीठाच्या तोडीची पुस्तकं काढली. गावोगावच्या महाविद्यालयांत ती आजही कपाटाच्या तळाशी असतात. त्यातली आकडेवारी जुनी झाली, पण मागणी-पुरवठा, लवचिकता, खंडाचे (जमिनीच्या भाड्याचे) सिद्धांत या पुस्तकांत जितके सावकाश आणि सोप्या मराठीत समजावले आहेत, तितके गाईडमध्ये मिळणार नाहीत. सूक्ष्म अर्थशास्त्राला ती वापर. भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरला वापरू नकोस. तिथे नियोजन आयोग अजून काम करतोय असं लिहिलेलं असेल, आणि त्याच्या जागी नीती आयोग तर 2015 मध्येच आला.

ताज्या माहितीसाठी फोन पुरे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्वयंअध्ययन पुस्तकं एकट्याने शिकणाऱ्यासाठीच मराठीत लिहिलेली आहेत. तुमच्या भागात त्यांचं अभ्यासकेंद्र असेलच, तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे विचार. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं सगळं साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर मोफत आहे, इंग्रजी आणि हिंदीत. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात, एखादी संज्ञा अडली तर आधी तिथे बघ. तुझ्या ताई-दादांपैकी कुणी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असेल तर त्यांना सांग की एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ‘ई-कुंभ’ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

आता तुझ्या कॉलेजबद्दल थोडं आतलं सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाचं इन्फ्लिबनेट हे केंद्र ग्रंथालयं जोडण्याचं काम करतं, त्याची ‘एन-लिस्ट’ नावाची योजना आहे. कॉलेजने वर्षाची छोटी वर्गणी भरली की प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगिन मिळतं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं उघडतात. कित्येक कॉलेजं वर्गणी भरतात, पण मुलांना लॉगिन वाटत नाहीत, कारण कुणी मागत नाही. तू माग. दुसरं, पुस्तक खरेदीचा पैसा आर्थिक वर्षाचा असतो, 31 मार्चच्या आत खर्च करावा लागतो. दिवाळीनंतर लगेच, पाच-सहा मैत्रिणींच्या सह्या घेऊन, लेखक-प्रकाशक-किंमत लिहून पुस्तकांची मागणी ग्रंथपालांकडे दे आणि एक प्रत विभागप्रमुखांना. मागणीचा कागद हातात असला की ग्रंथपालाला समितीपुढे बोलता येतं. मी माझ्या ग्रंथालयात घेतलेली कितीतरी चांगली पुस्तकं विद्यार्थ्यांच्या अशाच चिठ्ठ्यांतून आली.

दुसऱ्या शहरातल्या कुणी पुस्तकं द्यायला तयार असेल तर कुरिअर करू नका. डाक खात्याने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. शैक्षणिक पुस्तकांना 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, कर वेगळा. पोचायला थोडे दिवस जास्त लागतात, कारण टपाल जमिनीवरून जातं. पाच किलोत बी.ए.च्या वर्षाची सगळी पुस्तकं बसतात. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे अशी मराठी पुस्तकं पडून आहेत त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं, मी स्वतः या मुलीच्या कॉलेजशी बोलून जोडून देईन.

प्रश्न : मुलगा ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला चालला आहे. तिथे एकेक पुस्तक दोनशे डॉलरला असतं म्हणे. इथून भारतीय आवृत्त्या घेऊन जाव्यात का? त्यावर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं, विमानतळावर अडवतील का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, अडवणार नाहीत. स्वतःच्या वापराची पुस्तकं आहेत ती. ती सूचना विक्रेत्यांसाठी असते, आणि तिच्यावरून अमेरिकेत एक मोठा खटलाही झाला आहे. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी तिथे शिकत होता. घरच्यांकडून स्वस्त आशियाई आवृत्त्या मागवून तो अमेरिकेत विकायचा. वायली प्रकाशनाने त्याच्यावर दावा लावला. मार्च 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने निकाल त्याच्या बाजूने दिला. एकदा कायदेशीर विकत घेतलेलं पुस्तक पुढे विकायला हरकत नाही, मग ते छापलेलं कुठेही असो.

तरी बॅग पुस्तकांनी भरू नका. तिथल्या विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ‘कोर्स रिझर्व्ह’ असतं. प्राध्यापकाने नेमलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या काउंटरवर दोन-तीन तासांसाठी मिळतं. आपल्या ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठातून मागवूनही देतात, बहुधा फुकट. 2008 च्या एका कायद्याने तिथल्या विद्यापीठांना नेमलेल्या पुस्तकांचे आयएसबीएन (प्रत्येक पुस्तकाचा ओळखक्रमांक) आणि किमती विषयनिवडीच्या वेळापत्रकाबरोबरच द्याव्या लागतात. मुलाने विषय निवडले की ते क्रमांक बघावेत आणि मगच इथे दुकानात विचारावं. पायाभूत दोन-तीन पुस्तकं, जी पुढे नोकरीतही लागतील, तेवढी भारतीय आवृत्तीत न्यावीत. काही भारतीय आवृत्त्यांत गणितांचे क्रमांक किंवा प्रकरणांचा क्रम वेगळा असतो, म्हणून अनुक्रमणिका मूळ आवृत्तीशी ताडून बघायची.

खरी मेख तिथल्या ऑनलाइन गृहपाठाच्या कोडची आहे. पुस्तकाबरोबर येणारा तो कोड एकदाच वापरता येतो, त्यामुळे जुनं किंवा भारतीय पुस्तक घेतलं तरी कोड वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि कधी कधी तो पुस्तकासकट संचात घेणंच स्वस्त पडतं. पदव्युत्तर वर्गांत हा प्रकार पदवीपेक्षा कमी असतो, पण आधी विचारलेलं बरं. मुलाने प्राध्यापकांना दोन ओळींची मेल करावी. मागची आवृत्ती चालेल का, आणि गृहपाठाला कोड लागणार आहे का? ऑगस्टच्या सुरुवातीला पाठवली तर निघायच्या आधी उत्तर हातात येईल आणि बॅगेत काय ठेवायचं ते कळेल.